शेवटच्या खोलीतलं पाणी

१

आमच्या घरी सकाळ होते ती देवाच्या भांड्यांच्या आवाजाने. यजमान सोवळं नेसून पूजेला बसतात, शाळिग्राम एकेक करून ताम्हनात घेतात, वरून पाण्याची धार धरतात. मी बाहेर तुळशीपुढे रांगोळी काढत असते आणि ती धार मला तिथे ऐकू येते. चामराजपेटच्या आमच्या गल्लीत त्या वेळी दुसरा आवाज नसतो. शाळिग्रामांना मात्र मी जन्मात कधी हात लावलेला नाही. आमच्यात बायका लावत नाहीत. त्यांच्या अंगावरून आलेलं पाणी तेवढं आमचं, तळहातावर, तीर्थ म्हणून.

म्हणूनच म्युझियममध्ये वेदिकाने तो काळा दगड माझ्या हातात ठेवला तेव्हा मला काही सुचेना.

आमची लेक क्षमा लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला गेली तसं दुपारचं घर फार मोठं वाटायला लागलं होतं. एका जुन्या कॉलेजच्या म्युझियमला मदतीला माणसं हवीत, अक्षर चांगलं हवं, असं मठात कोणीतरी सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या प्राध्यापकांनी गोळा केलेले समुद्रातल्या प्राण्यांचे जीवाश्म लाकडी कप्प्यांतून तसेच पडून होते. त्यांच्या नोंदी करायच्या. दगड काढायचा, मऊ ब्रशने आणि शुद्ध पाण्याने धुवायचा, मोजायचा, पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने नंबर घालायचा, फोटो काढून परत ठेवायचा. मला ते आमच्या पूजेसारखंच वाटायचं. आधी स्नान, मग गंध, मग आपल्या जागी.

वेदिका तिथली प्रमुख. पुण्याची, तिशीतली, बोलायला फटकळ.

"काकू, इथे प्रत्येकाला नमस्कार करत बसलात तर मी रिटायर होईन."

"अगं, शाळिग्राम आहे हा."

"अमोनाईट आहे. गंडकीतला तर मुळीच नाही, अरियलूरचा आहे, तमिळनाडूतला. तुमच्या देवाचा आणि ह्याचा काही संबंध नाही."

"चक्र तर तेच आहे की."

"प्राणी होता हो हा. ऑक्टोपसच्या नात्यातला. शंखात ओळीने खोल्या असायच्या. वाढला की मागची खोली बंद करायची आणि पुढे नवी बांधून तिच्यात राहायला जायचं. राहायचा फक्त शेवटच्या खोलीत. ही बघा, तोंडाशी." तिने बोट ठेवलं. ती खोली करड्या दगडाने गच्च भरलेली होती. "मेला की आत गाळ शिरतो, गाळाचा दगड होतो. घरमालक गेला, घर भरलं. धुवा आता."

हातात रबरी मोजे आहेत, म्हणजे हात लागला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तो धुतला. धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतायचं होतं. माझा हात होईना. चक्राच्या अंगावरचं पाणी गटारात कसं सोडायचं? मी ते पर्समधल्या लहान बाटलीत भरून घेतलं. घरी जाऊन तुळशीला घालू म्हटलं. वेदिकाने बघितलं, कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या कप्प्याकडे वळली.

२

घरी पोचले तोवर दिवेलागण झाली होती. तिन्हीसांजेनंतर तुळशीला पाणी घालत नाहीत. बाटली देवघराच्या कोनाड्यात ठेवली, सकाळी बघू म्हणून.

सकाळी, शनिवार होता, क्षमा आणि जावई, निहार, अचानक दारात. क्षमाला सातवा लागला होता. याआधीची दोन्ही बाळं पोटातच थांबली होती, म्हणून या वेळी आम्ही कोणी मोठ्याने काही बोलत नव्हतो. मी चातुर्मासात तुळशीपुढे गोपद्मं काढायचं व्रत धरलं होतं, कार्तिकात उद्यापन. माझ्या व्रतांना यजमान हसतात, पण उद्यापनाचं सामान न सांगता आणून ठेवतात.

"आई, कालपासून नीट हलत नाहीये," क्षमा म्हणाली. "ठोके आहेत म्हणाल्या डॉक्टर, पण संथ आहेत. दुपारी परत बोलावलंय."

तिचा तो चेहरा मी दोनदा पाहिलेला होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

बाहेर यजमानांचा आवाज ऐकू आला. "ये बाळ, आधी तीर्थ घे. मग सगळं."

"अण्णा, हे खारट आहे."

"तीर्थ कुठे खारट असतं? स्वल्पच आहे, गपचूप घे."

मी बाहेर आले तेव्हा कोनाड्यातली बाटली त्यांच्या हातात होती. रिकामी. मठातलं तीर्थ मी आणून ठेवलंय असं त्यांना वाटलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात क्षमाने पोटावर हात धरला.

"आई. हललं. अगं, बघ ना, केवढ्याने!"

निहार चष्मा पुसायला लागला. यजमान हसत होते आणि डोळेही टिपत होते. त्या हसण्यात मी काय सांगणार? बाटली घेऊन पदराखाली धरली आणि आत गेले. बोट ओलं करून जिभेला लावलं. शुद्ध पाणी मी माझ्या हाताने ओतलेलं होतं. पण जिभेवर मीठ आलं.

दुपारी डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

३

पुढच्या कामाच्या दिवशी मी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि त्या दगडापुढे हात जोडले. नवस बोलण्याआधी माणसाने विचार करावा, हे मीच दुसऱ्यांना सांगत आलेली आहे.

"माझ्या लेकीचं सुखरूप होऊ दे. मी तुला कोरडं ठेवणार नाही."

एवढंच बोलले. कोणाला बोलतेय ते त्या क्षणी मला नक्की माहीत होतं.

मग रोज गेले की आधी त्याच्यावर चमचाभर पाणी. वेदिका चहाला जायची तेव्हा. पाणी दगडावर पडायचं आणि खाली कापडावर थेंब उतरायच्या आधीच नाहीसं व्हायचं. जुना दगड आहे, पितो, असं मी मनाशी म्हणायचे.

फोटोच्या नियमाप्रमाणे प्रत्येक दगड तोंड उजवीकडे करून ठेवायचा. मीही तसाच ठेवायचे. कप्प्यात फोमला गोल खाच होती, दगड तिच्यात इतका घट्ट बसायचा की फिरवायला मला दोन्ही हात लागायचे. तरी सकाळी कप्पा ओढला की त्याचं तोंड खिडकीकडे वळलेलं.

"महांतेश, तू ह्याला हात लावलास का रे?" मी तिथल्या शिपायाला विचारलं.

"नान मुट्टिल्ला, अक्का." मी नाही शिवलो, कानडीत म्हणाला. "त्या कपाटाशी मी झाडायलासुद्धा जात नाही आता. वास येतो. समुद्रावर येतो तसा. वेदिका मॅडमना येत नाही म्हणे. तुम्हाला येतो?"

मला येत होता. मी नाही म्हटलं.

खालून मेट्रोचं काम चाललंय, इमारत जुनी, हादरे बसतात. दगड सरकतो. असं मी ठरवलं. पण एका दुपारी त्याचं तोंड मुद्दाम भिंतीकडे केलं, कप्पा बंद केला, तिथेच बसून डबा खाल्ला, आणि कप्पा उघडला. तोंड खिडकीकडे होतं. हादरा बसला असता तर माझ्या डब्यातलं ताक आधी हललं असतं.

४

आठवा संपताना क्षमाला बाळंतपणासाठी आमच्याकडे आणलं. दुसऱ्या दिवशी कप्पा ओढला तर दगडाचं तोंड खिडकीकडे नव्हतं. मागच्या कपाटांच्या भिंतीकडे होतं.

मी उभ्या उभ्या दिशा लावून पाहिल्या. खिडकी पूर्वेची, तिकडे मारतहळ्ळी. कपाटांच्या मागे शहराचं मार्केट, आणि मार्केटच्या पलीकडे आमचं चामराजपेट.

मी कप्पा बंद केला. त्या दिवशी घरी जाताना ऑटोवाल्याने दोनदा विचारलं, अक्का, कुठे उतरायचं.

क्षमा पलंगावर पाय पसरून बसली होती. मी तिच्या पायांना तेल लावायला घेतलं.

"आई, बाळ गोल फिरतं गं."

"सगळी फिरतात."

"तसं नाही. एकाच बाजूने फिरतं, सावकाश. ढवळल्यासारखं वाटतं. आणि रोज तू म्युझियममध्ये असतेस तेव्हाच. मग एकदम गप्प होतं. पोट भरल्यासारखं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"खूश आहेत. इतकी चांगली हालचाल हवीच म्हणतात." ती हसली. "तुझ्या गोपद्मांचं पुण्य बघ."

मी तेल चोळत राहिले. बाळ हलतंय. माझी लेक हसतेय. मी ह्याच्याहून वेगळं काय मागितलं होतं?

५

"काकू, इकडे या जरा."

वेदिका कम्प्यूटरपुढे बसलेली होती. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"हा पहिल्या दिवशीचा फोटो. तोंड भरलेलं आहे. आणि आता हे बघा." तिने दगड पुढे केला. शेवटच्या खोलीत करंगळी जाईल एवढं भोक होतं. "तुम्ही कोरलंत?"

"नाही गं! मी कशाला कोरू?"

"मग आतला दगड गेला कुठे? कप्प्यात भुकटीसुद्धा नाही." तिने माझ्याकडे बघितलं आणि जरा नरमली. "सॉरी. पण त्याला ओला करत जाऊ नका, प्लीज. तुम्ही रोज पाणी घालता, मला दिसतं. आतून विरघळत असेल. फुटला तर मला वर जाऊन उत्तर द्यायचंय."

मी सरी म्हटलं, म्हणजे बरं.

पण नवस नवस असतो. दुसऱ्या दिवशी ती मीटिंगला गेली तेव्हा मी पुन्हा चमचा घेतला. या वेळी अंगावर नाही, त्या भोकात पाणी सोडलं. कप्प्यांची ती खोली दुपारची फार शांत असते. पंखा बंद होता. मी वाकले होते म्हणून मला ऐकू आलं.

तान्हं बाळ दूध ओढतं, श्वासाला थांबतं, पुन्हा ओढतं. तसं.

मी चमचा कपाटाच्या काठावर ठेवला. पळून जावं असं वाटलं. मग वाटलं, अर्ध्या नैवेद्यावरून उठायचं नसतं. दुसराही चमचा घातला.

६

नवरात्रात क्षमा मोकळी झाली. मुलगी. सुखरूप. एकदाच रडली, मग गप्प. "किती शहाणं बाळ," नर्स म्हणाली. यजमानांनी वॉर्डभर पेढे वाटले.

बारशाला नाव ठेवलं भार्गवी. गोरीपान, डोकं भरून जावळ. दूध नीट पिते, वजन नीट वाढतंय. मी हे सगळं लिहिते आहे कारण ते खरं आहे. आणि हेही खरं की हातपाय सोडवून निजवली तरी थोड्या वेळात हनुवटी छातीशी, गुडघे पोटाशी, एका कुशीला वळून गुंडाळी होते. सगळी तान्ही बाळं अशीच निजतात. पाळणा कसाही फिरवला तरी तोंड एकाच भिंतीकडे असतं. उजेड त्या बाजूने येत असेल.

बारसं झाल्यावर मी कामाला गेले. दगड मी ठेवला होता तसाच होता, तोंड उजवीकडे. मी त्याला खिडकीकडे फिरवला. तसाच राहिला.

वेदिकाने त्याच्या तोंडात टॉर्च धरला. भोक नव्हतं आता. अख्खी खोली रिकामी होती, पार आतल्या पडद्यापर्यंत. आणि तिच्या भिंती शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या झळकत होत्या, गुलाबी, हिरवट.

"हे असं नसतं," ती हळूच म्हणाली. "कोट्यवधी वर्षांत ही झळाळी अशी राहत नाही, काकू. ही ताज्या शंखात असते. ज्यात परवापर्यंत कोणीतरी राहत होतं." मग स्वतःलाच हसली. "घरमालक परत आला होता की काय?"

आला नव्हता. मी मनात म्हटलं. गेला होता.

७

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं आणि मी गोपद्मांचं उद्यापन केलं. बांगड्या, खण, वायन, सगळं रीतसर. संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा जाणवलं की दुसरा नवस अजून तसाच आहे. लेकीचं सुखरूप झालं. आता त्याचंही उद्यापन व्हायला हवं. बोलावलेल्याला मान देऊन परत पाठवायचं असतं, नाहीतर तो दारात ताटकळत राहतो. आम्हाला लहानपणापासून हेच शिकवलंय.

मी आमच्या खऱ्या शाळिग्रामांचं तीर्थ बाटलीत घेतलं, एक तुळशीचं पान घेतलं, आणि म्युझियमला गेले. वेदिका रजेवर होती. महांतेश खाली गेटवर. मी दगड टेबलावर ठेवला, तोंड वर करून. रिकामी खोली तीर्थाने काठोकाठ भरली. वर पान सोडलं.

"तुझ्या कृपेने सगळं छान झालं," मी म्हटलं. आणि पूजा संपताना म्हणतात तेच म्हणाले. "आता स्वस्थानी जा."

पान पाण्यावर सावकाश फिरायला लागलं. एकाच बाजूने.

फोन वाजला. क्षमा.

"आई, तू लवकर ये. भार्गवी उठत नाहीये. आत्ता दूध पीत होती आणि एकदम सैल पडली. गार लागतेय गं. अण्णा, अहो चोळा ना तिचे पाय! आई, ऐकतेयस ना? आई!"

मी ऐकत होते. टेबलावरचं पाणीही ऐकत होते. ते श्वास घेतल्यासारखं वर यायचं आणि खाली जायचं. पान बुडालं. माझ्या तळव्याखाली दगड वळला; मी फिरवला नाही, तो वळला, आणि त्याचं तोंड माझ्याकडे झालं. मी आत बघितलं. पाण्याखाली, त्या गुलाबी भिंतींच्या मध्ये, काहीतरी फिकट मिटलं. बाळ आपलं बोट पकडताना मूठ मिटतं, तसं.

मी दगड उलटा केला.

तीर्थ जमिनीवर सांडलं, माझ्या पायांवर सांडलं. मी ते पायदळी तुडवलं. पदराचं टोक पिळून त्या खोलीत घातलं आणि पुसत राहिले, ओल राहू नये म्हणून पुसत राहिले, आणि तोंडाने म्हणत होते ते कोणत्याही पोथीत नाही. "जाऊ नकोस. येऊ नकोस इकडे. तिथेच राहा. तिथेच राहा माझ्या बाई."

फोन टेबलावर पडला होता. त्यातून आधी क्षमाचं रडणं येत होतं. मग त्याच्यावरून दुसरं रडणं आलं, बारीक, चिडलेलं, जिवंत.

"आई, रडली! आई, डोळे उघडले तिने!"

मी खाली, ओल्या जमिनीवर बसले.

८

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. दूध श्वासात गेलं असेल म्हणाले.

तो दगड आता हवाबंद डब्यात आहे, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट. झाकणावर मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलंय, ओला करू नये. वेदिका म्हणाली, "चला, शेवटी पटलं म्हणायचं काकूंना!" मी हसले. एखादं व्रत धरलं आणि अर्ध्यात सोडलं, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. हे एक सोडलं. ह्याचं उद्यापन मी करणार नाही, आणि माझ्यामागे कोणी करू नये म्हणून देवाला रोज हात जोडते.

त्या शनिवारच्या आधी माझ्या लेकीच्या पोटात कोण होतं, आणि ते कुठे गेलं, हे मी स्वतःला विचारत नाही. जी आहे ती आमची भार्गवी आहे.

तिला अंघोळ मीच घालते. दुसऱ्या कोणाला घालू देत नाही. पाटावर बसून पाय लांब करते, पायांवर तिला पालथी घेते, उताणी घेते. तोवर ती चारचौघींसारखी किंचाळत असते. शेवटचा तांब्या डोक्यावरून ओतला की मात्र गप्प होते. पाणी गालांवरून उतरत असताना तिची मान हळूहळू वळते, म्युझियमच्या बाजूला, आणि मूठ मिटते. ते मिटणं मला ओळखीचं आहे.

मी दोन बोटांनी तिची हनुवटी माझ्याकडे फिरवते. "इकडे बघ गं माझ्या सोन्या. आजीकडे बघ." बघते. ओठ चाटते. कधीकधी हसते.

मग मी तिला पुसते. मानेच्या वळ्यांत, कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, कुठे थेंब राहू देत नाही. यजमान बाहेरून विचारतात, "अगं, झालं का? किती पुसशील?"

"झालंच," मी म्हणते.

मोठी होईल. बोलायला लागेल, शाळेत जाईल, भांडेल, रुसेल. माणसांत राहिली की विसरेल.